गोव्यातील नाताळचे ताट

नाताळचे जेवण हे एका दिवसाचे काम नव्हे. गोव्यातील ख्रिस्ती गृहिणी त्याची आखणी आठवडाभर आधीपासून करीत असते. कोणता पदार्थ केव्हा करावयाचा हा क्रम तिला आईकडून, सासूकडून मिळालेला असतो. आणि त्या क्रमात गोव्याचा मोठा इतिहास साठलेला आहे.

१५१० साली आफोंसो द आल्बुकेर्कने गोवा जिंकला. राज्यकर्त्यांमागोमाग धर्मोपदेशक आले आणि धर्माबरोबर त्याचे सणही आले. चर्चच्या जुन्या शिस्तीप्रमाणे २४ डिसेंबर हा उपवासाचा दिवस असे व त्या दिवशी मांस वर्ज्य असे. पोर्तुगालमध्ये त्या रात्रीच्या जेवणाला ‘कोंसुआदा’ म्हणतात. त्यात मान असतो तो खारवलेल्या माशाला. मांसाची मेजवानी मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर. १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी उपवासाचे नियम पालटले, तेव्हा हे बंधन उठले.

हाच शब्द गोव्यात आला आणि त्याचा अर्थ बदलला. येथे ‘कोंसुआद’ म्हणजे शेजाऱ्यांकडे पाठवावयाचे गोडाचे ताट.

हे ताट नीट पाहण्यासारखे आहे. त्यात नेवऱ्या असतात, म्हणजे आपल्या करंज्याच. गणेशचतुर्थीला हिंदूंच्या घरी होणारी नेवरी ती हीच. तळलेल्या नेवऱ्या व कुलकुल पुष्कळ दिवस टिकतात, म्हणून आखणीत त्यांचा क्रमांक पहिला. मग दोदोल : तांदळाचे पीठ, नारळाचा रस व माडाचा काळा गूळ एकत्र करून ते मिश्रण कढईत तासन्‌तास ढवळावे लागते. एकटीच्या हातांचे हे काम नव्हे. बेबिंकेत अंड्यांचा बलक सढळ हाताने घालण्याची रीत पोर्तुगीज, पण नारळाचा रस गोव्याचा. वरून निखारे ठेवून एक थर भाजला गेला की मगच दुसरा ओतावयाचा. घाई केली की पदार्थ बिघडला. २०२३ साली याच बेबिंकेला भौगोलिक मानांकन मिळाले.

सोरपोतेलही मूळचे पोर्तुगालचे. गोव्यात त्याला माडाच्या सुरेचा शिर्का मिळाला आणि अमेरिकेतून पोर्तुगीजांनीच आणलेली मिरची मिळाली. शिर्क्यामुळे ते टिकते आणि मुरल्यावर अधिक रुचकर लागते. म्हणून ते सणाच्या दोनतीन दिवस आधी शिजवून रोज उकळून ठेवतात. त्याच्या जोडीच्या सान्ना मात्र ताज्याच हव्यात. सुरेने फुगवलेल्या तांदळाच्या पिठाच्या या सान्ना इडलीच्याच कुळातल्या.

अशा रीतीने परक्या सणाच्या स्वयंपाकाला येथील माडाने, तांदळाने व गुळाने आपलेसे केले. राज्यसत्तेला मात्र हे रुचणारे नव्हते. गोव्यात १५६० साली स्थापन झालेल्या इन्क्विझिशनने १७३६ साली एक जाहीरनामा काढला. ख्रिस्ती झालेल्यांनी अंगणात तुळस ठेवू नये, एवढ्यावर तो थांबला नाही. हिंदूंप्रमाणे मिठावाचून भात शिजवून मागाहून मीठ घालू नये, असेही त्यात बजावले होते. अ. का. प्रियोळकर यांनी इन्क्विझिशनवरील आपल्या १९६१ सालच्या ग्रंथात या जाहीरनाम्याची माहिती दिली आहे. चुलीवरच्या भातापर्यंत पोहोचू पाहणारी ती सत्ता १८१२ साली संपुष्टात आली. नेवरी मात्र राहिली.

धर्म नवा असला तरी भाषा व चव जुनी असू शकते, हे समजून घेणारे धर्मोपदेशकही होते. १५७९ साली गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तजन्माची कथा मराठी ओवीत सांगितली. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. त्यांनी शब्दांच्या बाबतीत जे केले, तेच असंख्य अनाम गृहिणींनी अन्नाच्या बाबतीत केले. त्यांचे नाव कोणत्याही ग्रंथावर नाही, एवढाच फरक.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोव्यातील पोर्तुगीज राजवट संपली, तेव्हा नाताळ अवघ्या सहा दिवसांवर होता. साडेचारशे वर्षांचे राज्य गेले, पण त्याच्याबरोबर ना सोरपोतेल गेले, ना कोंसुआदचे ताट. चतुर्थीला हिंदू शेजाऱ्याकडून नेवऱ्या येतात, नाताळात ख्रिस्ती शेजाऱ्याकडून जातात. जाहीरनाम्याने जी माणसे एकमेकांपासून दूर करावयाची होती, त्यांना या ताटाने जवळ ठेवले. नाताळच्या जेवणाची आखणी करताना पाहुण्यांची मोजदाद होते, तशीच या ताटांचीही व्हावयास हवी; कारण या सणाचा खरा वारसा घराच्या उंबरठ्याबाहेर जाणाऱ्या त्या ताटातच आहे.