मंत्र्याची मालमत्ता आणि बाबासाहेबांचे चार टप्पे

नाशिकच्या आमच्या अभ्यासवर्गात निवडणुकीआधी एक प्रश्न हमखास येतो : "मंत्र्यांनी मालमत्ता जाहीर करावी, या सूचनेला बाबासाहेबांनीच विरोध केला होता ना?" विचारणाऱ्याचा सूर असा, की मग आपण कशाला बोलायचे?

विरोध केला होता, हे खरे. पण कारण कोणी सांगत नाही.

डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत मंत्रिमंडळाच्या कलमावर चर्चा सुरू होती. मालमत्ता, धंदा, व्यापार यांतील आपले हितसंबंध मंत्र्याने पद घेताना जाहीर करावेत, अशी दुरुस्ती अर्थतज्ज्ञ प्रा. के. टी. शहा यांनी मांडली. हेतू स्तुत्य आहे, हे बाबासाहेबांनी मान्य केले. मग तिच्यातील पोकळी दाखवली. येताना यादी दिली, पुढे काय? पद सोडताना दुसरी यादी हवी. मधल्या वाढीचा जाब विचारणारे कोणीतरी हवे. जाब देता आला नाही तर तो गुन्हा ठरून शिक्षा हवी. हे तीन टप्पे नसतील तर पहिला निरुपयोगी. त्यापेक्षा विधिमंडळात एकवटलेले लोकमत हाच चांगला अंकुश, असे त्यांचे म्हणणे. दुरुस्ती फेटाळली गेली.

पुढचा इतिहास त्यांचेच म्हणणे सिद्ध करतो. १९६४ मध्ये केंद्राने मंत्र्यांसाठी आचारसंहिता केली. मंत्र्याने धंद्याच्या कारभारातून बाजूला व्हावे, असे ती सांगते. पण सहसा मालकी सोडायची गरज नाही, कारभार पत्नी किंवा पती सोडून घरातल्या दुसऱ्या सज्ञान माणसाकडे देता येतो आणि संहिता मोडली तर कायद्याने शिक्षा नाही. उमेदवाराची मालमत्ता मतदाराला कळू लागली ती २००२-०३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळे. आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये 'लोकप्रहरी' खटल्यात न्यायालयाने म्हटले, की लोकप्रतिनिधींची संपत्ती अवाजवी वाढली का, हे तपासणारी कायमची यंत्रणा हवी. म्हणजे बाबासाहेबांचा तिसरा टप्पा. सत्तर वर्षांनी!

म्हणून त्या भाषणाचा आधार घेऊन गप्प बसणे म्हणजे बाबासाहेबांना अर्धे वाचणे होय. त्यांनी नाकारली ती अपुरी तरतूद. जबाबदारी त्यांनी लोकमतावर टाकली, म्हणजे आपल्यावर.

मित्रांनो, शहर वाढते तिथे जमिनीचे भाव आरक्षणाच्या एका रेषेने बदलतात. ती रेषा ठरवण्यात ज्याचा हात, त्याचीच जमीन शेजारी असेल तर तो कोणाचे हित पाहील? प्रतिज्ञापत्रात जमिनीचा गट क्रमांक असतो, शेअर्स असतात, पाच वर्षांचे उत्पन्न असते. मागच्या निवडणुकीचे प्रतिज्ञापत्र शेजारी ठेवा, विकास आराखडा उघडा, सातबारा काढा. अवलंबून नसलेला मुलगा किंवा भाऊ त्यात दिसणार नाही, हेही ध्यानात ठेवा.

आपल्या पक्षाचा, आपल्या समाजाचा उमेदवार असला तरी हेच करा. तिथे नजर चुकवली, तर दुसऱ्याला जाब विचारायचा अधिकार आपण गमावतो.

जयभीम!