हंसराज, पर्ण आणि पर

श्रावणात कोकणातल्या जांभ्याच्या एखाद्या गडग्यापाशी थांबा. दगडांच्या फटींतून काळ्या, चकचकीत, दोऱ्याएवढ्या देठांवर हिरव्या अर्धचंद्रांच्या ओळी लोंबत असतात. हा हंसराज. दोन हातांवर तसाच दिसणारा, पण बोटांना लव लागणारा आणखी एक नेचा असतो. तोही हंसराजच. विहिरीच्या ओल्या भिंतीवर इवल्या पंख्यांसारख्या पानांचा झुपका असतो, त्यालाही लोक हंसराजच म्हणतात. वनस्पतिशास्त्राच्या लेखी या तीन वेगळ्या जाती आहेत.

या तिघांची नावे मी जमवायला लागलो ती वेगळ्याच कुतूहलापोटी. नाव ठेवणाऱ्याची नजर झाडाच्या नेमक्या कुठल्या भागावर थांबली, हे नावातून कळते.

संस्कृतात 'हंसपदी' म्हणणाऱ्याची नजर पर्णिकेवर थांबली. त्याला तिथे हंसाचे पाऊल दिसले. त्याच पर्णिकेत आपल्याकडे कुणाला घोड्याचा खूर दिसला आणि 'घोडखुरी' हे नाव आले. १७६८ साली बर्मन या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याच पर्णिकेवरून 'ल्युन्युलेटम' म्हटले. लॅटिनमध्ये 'ल्युन्युला' म्हणजे छोटी चंद्रकोर. पाऊल, खूर, कोर! तिघे एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण बोट तिघांनीही एकाच जागी ठेवले. मला ही साक्ष फार मोलाची वाटते.

विहिरीतल्या जातीचे नाव 'कॅपिलस-व्हेनेरिस', म्हणजे व्हीनस देवीचा केस. हे नाव काळ्याभोर देठावरून सुचलेले. सुंदर आहे, पण ओळख पटवायला अपुरे, कारण तसे काळे देठ तिघांनाही असतात. लवदार जातीला 'इन्सिझम', म्हणजे कातरलेले, म्हणतात. तिच्या पर्णिकेची वरची कड खरोखरच कात्रीने कापल्यासारखी असते. तिची जवळची बहीण 'कॉडेटम', म्हणजे शेपटीवाली. जुन्या पुस्तकांत या दोघी बहुधा एकाच नावाखाली सापडतात. पानाचे टोक लांबत जाते, मातीला टेकते, तिथे मुळे धरते आणि नवे रोप उभे राहते. मात्र नुसत्या शेपटीवरून जात ठरवू नये. अर्धचंद्रवालाही टोकाने असाच रुजतो.

या सगळ्यांच्या प्रजातीचे नाव 'ॲडियंटम'. ग्रीक 'अडिआंतोस' म्हणजे न भिजणारा. त्यातला आरंभीचा 'अ' आपल्या 'अपूर्ण', 'अजाण' मधलाच, नकाराचा. ग्रीक तत्त्वज्ञ थिओफ्रास्टसने इसवी सनापूर्वीच या नावाचे कारण नोंदवले आहे: पान पाण्यात बुडवले तरी ओले होत नाही. पावसात हंसराजावर थेंब मोत्यासारखे घरंगळतात ते पाहिले की हे नाव मनोमन पटते.

आता 'पर्णिके'च्या मुळाशी असलेला शब्द. 'पर्ण' म्हणजे पान हे आपण शाळेपासून जाणतो, पण संस्कृतात त्याचा अर्थ पंख, पीस असाही आहे. 'सुपर्ण' म्हणजे सुंदर पंखांचा, गरुड. हाच शब्द प्राकृतात 'पण्ण' झाला आणि मराठीत 'पान'. इराणी भाषांकडे गेलेला त्याचा भाऊ फारसीत 'पर' झाला, आणि तो पुन्हा आपल्याकडे येऊन परांच्या उशीत बसला. तिसरा भाऊ जर्मानिक भाषांकडे गेला. तिथे 'प' चा 'फ' होतो, जसा 'पितृ'चा फादर, 'पाद'चा फूट. म्हणून इंग्रजीतला 'फर्न'. नेच्याचे पान पाहून त्यांना पिसाची आठवण झाली, म्हणून त्यांनी पिसाचाच शब्द त्याला दिला. ग्रीकांनी वेगळ्या धातूवरून तेच केले: 'प्तेरोन' म्हणजे पंख, 'प्तेरिस' म्हणजे नेचा. आपले 'पत्र' त्या धातूचे, पत्, उडणे.

युनानी औषधांत विहिरीतल्या या हंसराजाला 'परसियावशाँ' म्हणतात. सियावश हा 'शाहनामा'तला निरपराध मारला गेलेला राजपुत्र. त्याच्या नावाआधीचा 'पर' म्हणजे तेच पीस. म्हणजे मराठी माणूस 'हंसराजाचे पान' म्हणतो आणि हकीम 'परसियावशाँ' म्हणतो, तेव्हा दोघांच्या तोंडी एकाच शब्दाची दोन रूपे असतात.

एवढ्या नावांपैकी एकाही नावाने पान उलटून पाहिलेले नाही. तीन जाती वेगळ्या करायच्या तर मात्र तिथेच पाहावे लागते. हंसराजाची पर्णिका आपली कड खाली दुमडते आणि त्या घडीत बीजाणू झाकून ठेवते. अर्धचंद्रवाल्याची ही घडी वक्र कडेने जवळजवळ सलग धावते, कपड्याला दुमड घालावी तशी. लवदार जातीत कातरलेल्या प्रत्येक खंडाच्या टोकाला तिचा बारीक ठिपका असतो. विहिरीतल्या जातीत तुटक, लांबट पट्ट्या असतात. पाऊस ओसरू लागला की या घड्या तपकिरी होतात, आणि मग साध्या डोळ्यांनाही दिसतात.