मोड, दंड आणि बोहारीण: अकोटा-बडोद्यातील घरगुती पुनर्वापराचा इतिहास

घरगुती पुनर्वापराचा इतिहास लिहिताना पहिली अडचण पुराव्याची येते. फुटलेले मातीचे मडके उकिरड्यावर पडते आणि त्याचे खापर शेकडो वर्षांनी उत्खननात हाती लागते. पिचलेले पितळी पातेले मात्र भट्टीत जाते, त्याचे दुसरे भांडे होते आणि पहिल्याची खूणही उरत नाही. बडोदे शहराच्या पश्चिम भागात, विश्वामित्री नदीकाठी वसलेल्या अकोट्याच्या बाबतीत ही अडचण विशेष जाणवते, कारण धातूच्या वस्तूंसाठी सर्वाधिक ख्याती मिळालेल्या गुजरातमधील स्थळांपैकी ते एक आहे.

अकोट्याचे प्राचीन नाव अंकोट्टक. राष्ट्रकूट कर्काच्या इ. स. 812 च्या ताम्रपटात दान दिलेले वडपद्रक हे गाव ‘अंकोट्टक चौऱ्याऐंशी’त, म्हणजे अंकोट्टकाच्या आधिपत्याखालील चौऱ्याऐंशी गावांच्या समूहात मोडत असल्याचे म्हटले आहे; म्हणजे आजचे बडोदे हे तेव्हा अकोट्याच्या हद्दीतील एक खेडे होते. याच अकोट्यात 1951 मध्ये जैन कांस्यमूर्तींचा मोठा साठा उजेडात आला आणि उमाकांत प्रेमानंद शहा यांनी 1959 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याचा अभ्यास मांडला. सुमारे पाचव्या ते अकराव्या शतकांतील या मूर्ती टिकल्या, त्या जमिनीत पुरल्या गेल्यामुळे. ज्या काळात अंकोट्टकाच्या ओतारींनी त्या घडवल्या, त्या काळातील त्याच गावातील घरांमधले तांबे, वाट्या आणि समया यांचे धातू पिढ्यान्‌पिढ्या वितळत आणि नवे आकार घेत राहिले असणार. संग्रहालयात दिसते ते या चक्रातून निसटलेले धन होय, आणि नित्याच्या संसारातील धातूचा अंदाज त्यावरून बांधणे चुकीचे ठरेल.

1734 मध्ये बडोदे गायकवाडांच्या हाती आले आणि 1949 मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. दरम्यानच्या दोन शतकांत येथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी आपल्या गृहव्यवस्थेबरोबर वस्तू पुरवून वापरण्याची शिस्तही आणली, आणि ती स्थानिक गुजराती रीतीशी सहज जुळली. या शिस्तीचा आर्थिक कणा म्हणजे ‘मोड’. जुने, चेपलेले वा गळके भांडे दुकानात वजनावर घेऊन त्याची किंमत नव्या भांड्याच्या किमतीतून वजा करण्याच्या व्यवहाराला ही संज्ञा होती. भांडे विकत घेताना केवळ घडणावळीचे पैसे खर्ची पडतात, धातूचे मोल घरातच राहते, ही समजूत त्यामागे असल्याने लग्नात मिळालेला हंडा हा पाण्याचे साधन आणि अडीअडचणीची ठेव, असा दुहेरी उपयोगाचा ऐवज ठरे. त्याचे आयुष्य वाढवणारी दुसरी सोय म्हणजे कल्हई. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, म्हणजे धातूशी संयोग होऊन खाण्यास अयोग्य होतो, म्हणून भांडे भात्याच्या आचेवर तापवून, नवसागराने त्याचा पृष्ठभाग साफ करून, आतून कथिलाचा पातळ थर दिला जाई. हा थर झिजला की कल्हईवाला पुन्हा येई. वस्तू टाकण्याऐवजी तिचा केवळ झिजलेला भाग भरून काढणारे हे तंत्र होते, आणि आजच्या नॉनस्टिक तव्याला अशी सोय घराघरांत उपलब्ध नाही हे येथे नोंदवण्याजोगे आहे.

कापडाचा प्रवास याहून लांबचा होता आणि तो जवळजवळ सर्वस्वी स्त्रियांच्या हाती होता. नऊवारी सुती लुगडे मध्यभागी विरले की जीर्ण पट्टा काढून उरलेले धडके भाग जोडून शिवत, त्यास दंड घालणे म्हणत. दंडाचे लुगडेही फाटले की त्याच्या घड्या एकमेकींवर ठेवून, धावदोऱ्याने टाचून गोधडी होई, मऊ तुकड्यांची तान्ह्या बाळासाठी दुपटी आणि लंगोट होत, त्यानंतर फडके, आणि सर्वांत शेवटी जमीन सारवण्याचे वा पुसण्याचे पोतेरे. एका वस्त्राला पाच-सहा आयुष्ये देणाऱ्या या श्रमाला कोणत्याही जमाखर्चात जागा मिळाली नाही, ही इतिहासलेखनाची मोठी उणीव मानावी लागेल. चुलीची राख भांडी घासण्यास, खरकटे गाईस आणि रद्दी वाण्याच्या पुड्यांस जात असे.

घरात ज्याला पुढचे आयुष्य नसे ते कापड बोहारणीकडे जाई. बोहारीण म्हणजे जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणारी फिरती विक्रेती. हा व्यवसाय मुख्यतः देवीपूजक, म्हणजे पूर्वी वाघरी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गुजराती समाजातील स्त्रियांनी सांभाळला, आणि त्याच समाजाच्या स्थलांतराबरोबर तो मुंबईपर्यंत पोहोचला. दारातल्या घासाघिशीत ती कापडाची वीण, जर, डाग आणि फाटलेली जागा पारखे. पुढे धडके कपडे दुरुस्त होऊन जुन्या बाजारात, चिंध्या यंत्रे पुसण्यासाठी कारखान्यांत जात. कृत्रिम धाग्याच्या साड्या आल्यावर तिचे महत्त्व वाढले असावे, कारण पाणी न शोषणाऱ्या त्या कापडाचे ना पोतेरे होई, ना मऊ गोधडी.

या व्यवस्थेला सर्वांत मोठा धक्का देणाऱ्या पदार्थाचे एक उगमस्थान बडोद्याच्याच वेशीवर आहे. कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना 1965 मध्ये सुरू झाला, 1969 मध्ये इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशनची स्थापना झाली आणि 1970 च्या दशकाअखेरीस तिच्या बडोद्यातील संकुलातून पॉलिथिनसारखी बहुवारिके, म्हणजे प्लॅस्टिकचा कच्चा माल, बाहेर पडू लागली. प्लॅस्टिकची बादली भंगारवाला घेतो. परंतु काही ग्रॅमची पिशवी आणि प्लॅस्टिकबरोबर धातूचा पापुद्रा चिकटवलेले वेष्टन यांना मोड नाही, कारण गोळा करणे, धुणे आणि थर सोडवणे यांचा खर्च मिळणाऱ्या किमतीहून अधिक होतो. गॅस आल्याने राख गेली, गाय शहरातल्या घरापासून दूर गेली, आणि अकोट्यासारख्या, खेड्यातून सदनिकांचे उपनगर झालेल्या भागात घरोघरी कचऱ्याचा डबा ही अपरिहार्य वस्तू झाली.

केंद्र सरकारच्या 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे वर्गीकरण घरातच करणे बंधनकारक केले आणि कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. ही मान्यता आपोआप मिळालेली नाही. पुण्यात 1993 मध्ये उभी राहिलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आणि तिच्यासारख्या संघटनांच्या दीर्घ लढ्याचा तीत वाटा आहे. बोहारणीचा व्यापार मात्र या चौकटीबाहेरच राहतो, कारण तिच्या गाठोड्यातला माल डब्यात पडण्याआधीच भांड्याच्या मोबदल्यात उचललेला असतो, आणि नगरपालिकांचे मोजमाप सुरू होते ते डब्यापासून.