धुराच्या वाटेवरची पाती

टर्बोचार्जरचं पेटंट १९०५चं, स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांचं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या धुराने एक चाक फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने जास्तीची हवा इंजिनात कोंबायची, एवढीच युक्ती. ती रुळायला वीस वर्षं लागली. १९२०च्या दशकात ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्सेस्टाट डॅनझिग’ या जर्मन जहाजांची इंजिनं टर्बोमुळे १७५० अश्वशक्तीवरून २५०० वर गेली.

जहाजाचं इंजिन तासन्‌तास एकाच वेगाने चालतं, म्हणून तिथे हे सोपं होतं. मोटार सिग्नलला थांबते, घाट चढते, मध्येच सुसाट सुटते. टर्बो मोठा बसवावा तर कमी आरपीएमला धूर पुरत नाही आणि गाडी मेल्यासारखी चालते. लहान बसवावा तर वर गेल्यावर इंजिनाचा श्वास कोंडतो. १९६२च्या ओल्डस्मोबिल जेटफायरपासून यावर तोडगा होता वेस्टगेटचा: लहान टर्बो लावा आणि धूर जास्त झाला की बाजूच्या झडपेतून सोडून द्या. मला हा तोडगा कधीच पटला नाही. फुकट जाणारा धूर वापरायचा म्हणून सगळा खटाटोप, आणि शेवटी तोच पुन्हा फुकट सोडायचा!

खरं उत्तर पाण्याच्या टर्बाइनवाल्यांकडे एकोणिसाव्या शतकापासूनच होतं. चाकाभोवती खिळ्यांवर फिरणारी पाती. पाणी कमी असेल तर पाती मिटून फट अरुंद करायची, म्हणजे आहे तेवढं पाणी जोरात आदळतं. पाणी वाढलं की पाती उघडायची. मोटारीत हे यायला एवढा काळ लागला तो कल्पनेअभावी नव्हे, उष्णतेमुळे. पेट्रोल इंजिनाचा धूर हजार अंशांच्या घरात जातो, आणि त्यात ही नाजूक पाती वर्षानुवर्षं न अडकता फिरायला हवीत. होंडाने १९८०च्या दशकाच्या शेवटी लेजंडमध्ये, शेल्बीने १९८९च्या सीएसएक्समध्ये धाडस केलं. शेल्बीच्या गाड्या जेमतेम ५०० बनल्या. डिझेलचा धूर त्या मानाने थंड, म्हणून पाती तिथे रमली. १९९१ला पात्यांच्या टर्बोची फियाट क्रोमा आली, मागोमाग फोक्सवॅगनचं १.९ टीडीआय: साध्या टर्बोवर ९० अश्वशक्ती, पात्यांच्या टर्बोवर ११०. पेट्रोलमध्ये पोर्शेने २००६च्या ९११ टर्बोत महागडे मिश्रधातू वापरून ते जमवलं.

आपल्याकडे अशा पात्यांच्या टर्बोची ‘व्हीजीटी’ ही अक्षरं गाडीच्या पाठीवर झळकली ती व्हर्नाच्या काळात. फियाटचं १.३ मल्टिजेट स्विफ्टमध्ये साध्या टर्बोवर ७५ अश्वशक्ती द्यायचं. रांजणगावच्या लिनियात व्हीजीटीसह नव्वदीपार. गंमत अशी, की लिनिया दोन हजार आरपीएमच्या खाली स्विफ्टपेक्षा सुस्त वाटायची. पात्यांनी दिलेली मोकळीक कंपनीने खालच्या पिकअपसाठी न वापरता मोठा टर्बो लावून वरच्या ताकदीवर खर्च केली होती.

टर्बोची गरम बाजू उघडली की एक कडी दिसते, तिच्यात सगळ्या पात्यांचे दांडे अडकवलेले. बाहेरून व्हॅक्यूमचा ॲक्च्युएटर ती कडी फिरवतो. शहरात रोज रखडत चालणाऱ्या गाडीत इथेच काजळी बसते. पाती मिटलेल्या स्थितीत अडकली की हायवेवर दाब बेसुमार वाढतो आणि गाडी लिंप मोडला जाते, म्हणजे स्वतःच ताकद कापते; उघडी अडकली तर पिकअपच मरतो. हातपंपाने व्हॅक्यूम देऊन ॲक्च्युएटरचा दांडा अडखळत सरकतोय की सुरळीत, हे पाहिलं की निम्मं निदान होतं.

कडी फिरवणाऱ्या लिव्हरच्या टोकाला एक स्टॉप स्क्रू असतो. पाती किती मिटावीत ते तो ठरवतो आणि कारखान्यात हवेचा प्रवाह मोजून तो बांधलेला असतो. पिकअप लवकर यावा म्हणून पाव-अर्धा आटा फिरवणारे मेकॅनिक सर्रास भेटतात. फट गरजेपेक्षा अरुंद झाली की धूर सिलिंडरकडे तुंबतो आणि टर्बाइन झेपेल त्याहून जोरात फिरू लागतं. टर्बो नवा बसवताना या स्क्रूला हात लावण्यापेक्षा ऑइलची बारीक नळी बदलावी, फिल्टर बदलावा आणि चालू करण्याआधी बेअरिंगमध्ये ऑइल ओतून चाक हाताने फिरवावं.

आता व्हॅक्यूमऐवजी इलेक्ट्रिक मोटर आली आहे. बहुतेक गाड्यांत नवा ॲक्च्युएटर लावला की स्कॅनरने त्याला पात्यांची दोन्ही टोकं शिकवावी लागतात. नुसते बोल्ट आवळून गाडी दिली, तर गिऱ्हाईक इंजिनचा दिवा पेटलेला घेऊन परत येतं.