बोटांचे ठसे आणि जन्माचा संशय

देवनारच्या डम्पिंगवर कचरा वेचणाऱ्या आपल्या कित्येक आयाबहिणींचे अंगठे रेशन दुकानातल्या मशीनवर लागत नाहीत. काच-पत्रा वेचून रेषाच झिजल्या आहेत. तसलेच मशीन आता गस्तीवरच्या पोलिसांच्या हातात येऊ लागले आहे. तेलंगणात पोलीस रस्त्यात पोरांना अडवून बोटे स्कॅन करतात, अशा तक्रारी झाल्या. आपल्याकडे 2019 पासून ‘अँबिस’ प्रणाली आहे. ठसे, बुबुळे, चेहरा, सगळे एकत्र. "गुन्हा केला नाही तर घाबरायचं कशाला?" असे आपलेच शिकलेले तरुण विचारतात. त्यांनी आधी इतिहास वाचावा.

1858 साली बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला. हा माणूस उद्या सही नाकारेल, म्हणून त्याला धाक बसावा एवढाच हेतू. कोनाईने गुन्हा केलेला नव्हता. त्याच्यावर विश्वास नव्हता, इतकेच. पुढे 1897 ला कलकत्त्यात ठशांचा ब्युरो निघाला. वर्गीकरणाचे किचकट गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी सोडवले, पद्धतीला नाव लागले एडवर्ड हेन्री साहेबाचे. (राबायचे कुणी आणि नाव कुणाचे, हे आपल्याला काय नवीन!)

हे शास्त्र सर्वात आधी कुणाच्या मानेवर बसले? 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1911 मध्ये नव्याने आला, मुंबई इलाख्यालाही लागू झाला, आणि नोंद झालेल्या माणसाचे ठसे घेण्याचा अधिकार त्यात होता. पारधी, कैकाडी यांसारख्या जमातींत जन्मलेले पोर रजिस्टरमध्ये जाणार, मग सोलापूरसारख्या सेटलमेंटच्या तारेच्या कुंपणात. गुन्हा नंतर, नोंद आधी. 31 ऑगस्ट 1952 ला हा कायदा रद्द झाला. संशय रद्द झाला नाही.

तो 1959 च्या मुंबई भिक्षा प्रतिबंध कायद्यात शिरला. त्यात गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, कसरती करणे हेही भीक ठरते. म्हणजे भटक्यांची पोट भरण्याची कलाच गुन्हा! कोंडलेल्या माणसाने ठसे देण्यास नकार दिला तर त्याला तुरुंगवासाची तरतूद आहे. ते भिक्षेकरी गृह आपल्या शेजारी चेंबूरलाच आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये या कायद्याची बरीच कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. इथे कायदा तसाच राहिला.

आता 2022 चा फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा. दोषी, अटक झालेले, चांगल्या वर्तनाचा जामीन लिहून देण्यास भाग पाडलेले, यांची मापे घेऊन नोंद 75 वर्षे ठेवायची. निर्दोष सुटलेल्याची नोंद पुसण्याची तरतूद आहे. पण ती खरेच पुसली का, हे वस्तीतल्या माणसाने कुठे जाऊन बघायचे? तरीही एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. नाक्यावर उभा असलेला, अटक न झालेला पोरगा या यादीत बसत नाही. त्याचे ठसे हवे असतील तर मॅजिस्ट्रेटचा आदेश लागतो. मोबाइल मशीन नेमकी हीच पायरी ओलांडते. अटक नाही, कागद नाही, वकील नाही, फक्त बोट. आणि मशीनने चुकीचे नाव दाखवले तर? खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे नऊ न्यायमूर्तींनी 2017 मध्ये सांगितले. तो हक्क गोवंडीच्या गल्लीलाही आहे.

तेव्हा वस्तीत कुणाचे बोट मशीनवर ठेवायला लावले, तर तारीख, वेळ, जागा आणि पोलिसाच्या छातीवरचे नाव त्याच दिवशी लिहून ठेवा. कुठल्या कलमाखाली ठसे घेतले, हे माहिती अधिकारात विचारा. अर्ज मराठीत चालतो, फी दहा रुपये.