खारदांडा

खारदांडा (दांडा, दांडा कोळीवाडा) : मुंबई उपनगर जिल्ह्यातील, साष्टी बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील मच्छीमारांची जुनी वस्ती. दक्षिणेस कार्टर रोड आणि चुईम, पाली ही गावठाणे, उत्तरेस जुहू कोळीवाडा, पूर्वेस खार उपनगर, पश्चिमेस अरबी समुद्र. बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या एच-पश्चिम विभागात (वांद्रे, खार व सांताक्रूझ यांचा पश्चिमेकडील भाग) ती मोडते. विधानसभेसाठी वांद्रे पश्चिम आणि लोकसभेसाठी उत्तर-मध्य मुंबई हे तिचे मतदारसंघ. मुरूडजवळचे दंडा-राजपुरी आणि पालघर जिल्ह्यात केळव्याला लागून असलेले दांडा ही गावे वेगळी. नामसाधर्म्यामुळे जुन्या नोंदी वाचताना घोटाळा होऊ शकतो.

खार स्थानकाकडून पश्चिमेला निघाले की आधी आकड्यांनी ओळखले जाणारे सरळ रस्ते, त्यांवरच्या इमारती आणि उपाहारगृहे लागतात. पुढे रस्ते अरुंद होतात, वळू लागतात, आणि दोन माणसे जेमतेम शेजारून जातील अशा गल्ल्यांमध्ये घरे एकमेकांना खेटून उभी राहतात. पत्ता घराच्या क्रमांकापेक्षा देवळावरून, मंडळावरून किंवा घराण्याच्या नावावरून सांगणे इथे सोपे जाते. हा फरक गरिबी-श्रीमंतीचा आहेच, पण त्याआधी तो वयाचा आहे. आखीव खार विसाव्या शतकातले, दांडा त्याच्या कितीतरी आधीचा.

इतिहास. साष्टी बेट १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांकडे गेले, वसईच्या मोहिमेत (१७३७–३९) मराठ्यांकडे आले आणि १७७४ अखेर इंग्रजांच्या ताब्यात गेले. किनाऱ्यावरच्या कोळ्यांपैकी काही पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झाले. वांद्र्याचे चिंबई हे त्यांचे शेजारचे उदाहरण. दांड्यात हिंदू कोळ्यांची वस्ती प्रमुख राहिली, तर लगतचे चुईम ईस्ट इंडियन समाजाचे गाव म्हणून ओळखले जाते. मुंबई उपनगर जिल्हा १९२० मध्ये निर्माण झाला, त्याच दशकात नगररचना योजनेखाली खारचे भूखंड पडले आणि १९२४ मध्ये खार रोड स्थानक सुरू झाले. चित्रकार म. वि. धुरंधर यांच्यासारखी मंडळी या नव्या उपनगरात राहायला आली. त्यांच्या नावाचा रस्ता आजही खारमध्ये आहे. १९५० मध्ये उपनगरे महापालिकेत आली आणि पाणी, गटार व दिवाबत्ती यांसाठी दांड्याचा मुंबईच्या महापालिकेशी कायमचा संबंध जडला.

भरती-ओहोटी आणि दिवस. दांड्याचा दिवस घड्याळावर चालत नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर चोवीस तासांत दोन भरत्या व दोन ओहोट्या येतात आणि प्रत्येक दिवशी त्या आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटे उशिरा येतात. त्यामुळे या आठवड्यात पहाटे निघणारी होडी पुढच्या आठवड्यात दुपारी निघते, आणि त्या घरातली जेवणाची वेळही तिच्यामागून सरकते. कोकणपट्टीत वेळ काढण्याचा जुना हिशेब सोपा आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या. छापील तक्त्याशी ताडून पाहिले तर थोडा फरक पडतो, पण होडी लोटायला तेवढी अचूकता पुरते.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे दिवस उधाणाचे, अष्टमीच्या आसपासचे भांगाचे. डोल जाळ्याच्या मासेमारीत हा भेद फार महत्त्वाचा. डोल म्हणजे शंकूसारखे मोठे पिशवीजाळे. ते समुद्रतळाशी खुंट्यांना किंवा नांगरांना बांधून प्रवाहाच्या तोंडाला लावतात. मासा आणून द्यायचे काम प्रवाह करतो, आणि पाणी फिरले की जाळे उचलावे लागते. उधाणात ओढ जोराची, म्हणून कामही जोराचे. भांगात जाळी विणणे, शिवणे, इंजिन उघडणे. डोलीत बोंबील, जवळा, करंदी, मांदेली येतात. पापलेट, सुरमई, रावस यांसाठी तरंगती किंवा तळाला सोडलेली दालद्यांची जाळी लागतात. होडीचा मालक तो नाखवा, होडी हाकणारा तांडेल, बाकी खलाशी. मुंबईच्या कोळीवाड्यांत खलाशी आता बऱ्याचदा परप्रांतांतून येतात. कोळ्याचा मुलगा कार्यालयात नोकरीला आणि त्याच्या वडिलांच्या होडीवर दूरच्या जिल्ह्यातला तरुण, ही स्थिती नवी राहिलेली नाही.

महाराष्ट्रात यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस मासेमारी बंद असते. बंदीचा कायदेशीर आधार १९८१ चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम. पण कोळी माणूस समुद्र उघडला असे म्हणतो तो नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्यावर. सरकारी तारीख आणि तिथी यांत कधी काही दिवसांचे, कधी तीन-चार आठवड्यांचे अंतर पडते, आणि त्या मधल्या दिवसांत होडी काढायची की नाही यावर किनाऱ्यावर दरवर्षी चर्चा रंगते.

बायकांचा बाजार. मासा किनाऱ्याला लागला की पुढचा व्यवहार बायकांच्या हातात जातो. भाव ठरवणे, वाटे लावणे, उधारी लक्षात ठेवणे आणि पैसा घरात कुठे खर्च होणार हे ठरवणे, या चारही गोष्टी बहुधा त्याच करतात. स्वतःच्या होडीचा माल अपुरा पडतो तेव्हा ससून डॉक (१८७५ पासून) किंवा भाऊचा धक्का इथल्या पहाटेच्या लिलावातून म्हावरे आणले जाते. खार, सांताक्रूझ, वांद्रे इथल्या जुन्या बिऱ्हाडांची एखाद्या कोळणीशी दोन-तीन पिढ्यांची ओळख असते. सासूची गिऱ्हाइके सुनेकडे जातात.

जे ताजे विकले जात नाही ते सुकवायचे. बोंबलात पाण्याचा अंश नव्वद टक्क्यांच्या आसपास असल्याने तो ताजा फार टिकत नाही. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी वलांडीवर, म्हणजे बांबूंना बांधलेल्या दोरांवर टाकतात. हिवाळ्यातले कोरडे वारे आणि ऊन याला उत्तम. जवळा मात्र जमिनीवर पसरतात. सुकवायला मोकळी जागा लागते आणि त्याचा वास येतो. या दोन गोष्टींभोवती दांड्याच्या राजकारणाचा मोठा भाग फिरतो, हे बाहेरच्या माणसाला चटकन पटत नाही.

कारभार. कोळीवाड्यांची जुनी व्यवस्था जमातीची : पाटील, पंच, आणि प्रत्येक घराकडून वर्गणी. लग्नातले मानपान, देवळाचा खर्च, होडी कुठे लावायची यावरचे वाद पंचांपुढे येत. आज पंचांचा शब्द मुख्यतः सण आणि देवकार्यापुरता उरला आहे, तरी निवडणुकीच्या काळात कोणताही उमेदवार आधी देवळात आणि ज्येष्ठांकडे जातो, तो केवळ भक्तीने नव्हे. दुसरा थर सहकाराचा. मच्छीमार सहकारी संस्था डिझेल, बर्फ, कर्ज आणि अनुदानाचे कागद सांभाळतात. डिझेलवरच्या कराचा परतावा किती थकला आहे हा किनाऱ्यावरचा बारमाही विषय. तिसरा थर शाखेचा. शिवसेना १९६६ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या शाखेने पाण्याचे कनेक्शन, शाळाप्रवेश, रुग्णालयातली खाट अशा कामांसाठी एक खुर्ची आणि एक माणूस वस्तीत कायम बसवला. जून २०२२ मधल्या फुटीनंतर मुंबईत अनेक ठिकाणी शाखा कोणाची हा प्रश्नच राजकारण बनला.

आखीव खारची पद्धत निराळी आहे. तिथे रहिवासी संघटना आणि ए.एल.एम. गट (घाटकोपरच्या जोशी लेनमध्ये १९९० च्या दशकात सुरू झालेली, महापालिकेशी जोडलेल्या गल्लीनिहाय समित्यांची योजना) अर्ज लिहितात, बैठका मागतात, न्यायालयात जातात. दोन्ही बाजूंचा नगरसेवक एकच असू शकतो, पण त्याच्याकडून अपेक्षा उलट : एका बाजूला पदपथ मोकळे आणि किनारा स्वच्छ हवा, दुसऱ्या बाजूला जाळी पसरायला आणि गाडा लावायला जागा हवी.

विधानसभेला वांद्रे पश्चिम हा मतदारसंघ मुंबईतल्या चुरशीच्या लढतींपैकी एक ठरला आहे. २००९ मध्ये काँग्रेसचे बाबा सिद्दीकी यांनी भाजपचे आशिष शेलार यांचा दोन हजारांहून कमी मतांनी पराभव केला. २०१४ पासून शेलार तिथून निवडून येत आहेत. लोकसभेला २०२४ मध्ये काँग्रेसच्या वर्षा गायकवाड यांनी भाजपचे उज्ज्वल निकम यांना हरवले. महापालिकेत मात्र मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर जवळपास चार वर्षे नगरसेवकच नव्हता, प्रशासक होता. मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. या काळात नालेसफाईची तक्रार घेऊन जायचे कोणाकडे, हा प्रश्न इमारतीतल्या माणसापेक्षा गल्लीतल्या माणसाला जास्त टोचला.

भरतीरेषा. दांड्यातली तक्रार कोणत्या कार्यालयात जाईल हे बहुतेक वेळा भरतीरेषेवरून ठरते. गटार तुंबले तर महापालिका. धूपप्रतिबंधक बंधारा ढासळला तर महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड. तिवरांत भराव पडला तर वन विभागाचा कांदळवन कक्ष. होडीचा परवाना आणि जाळ्यांची नुकसानभरपाई मत्स्यव्यवसाय विभागाकडे. जमिनीचा उतारा नगर भूमापन आणि जिल्हाधिकारी कार्यालयाकडे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातले अतिरेकी समुद्रातून आले, त्यानंतर ओळखपत्रे आणि सागरी पोलिसांच्या तपासण्या वाढल्या. एखादा लाकडी ओंडका किनाऱ्यावरून हलवायलाही दोन खात्यांत विचारावे लागते, असे लोक अर्धवट थट्टेने म्हणतात.

कायद्याने या रेषेला वजन आले ते १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेने. तिने भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या बांधकामावर बंधने घातली. उद्देश समुद्रकाठ वाचवण्याचा; पण कोळ्याचे घर त्याच पट्ट्यात असणार हे उघडच होते, आणि कुटुंब वाढल्यावर वर एक खोली चढवणे बेकायदा ठरू लागले. २०११ च्या अधिसूचनेने बृहन्मुंबईतल्या कोळीवाड्यांसाठी स्वतंत्र तरतूद केली : १९८१ च्या विकास आराखड्यात किंवा शासकीय अभिलेखांत दाखवलेले कोळीवाडे मोजून वेगळे नोंदवायचे आणि तिथली घरदुरुस्ती व बांधणी स्थानिक नियमांनुसार होऊ द्यायची. म्हणजे सगळे येऊन थांबले ते मोजणीवर.

मोजणी, सरकारी भाषेत सीमांकन, हा मुंबईच्या कोळीवाड्यांचा गेल्या दशकातला सर्वांत मोठा प्रश्न. २०१५ चा प्रारूप विकास आराखडा चुकांमुळे मागे घ्यावा लागला. सुधारित आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला. हद्द आखताना घरे मोजणे सोपे असते. वाद होतो तो वलांड्यांची जागा, होड्या ओढून ठेवण्याची वाळू आणि जाळी पसरायचे मैदान यांच्यावर, कारण यांतले बरेचसे कोणाच्याच नावावर नसते, फक्त वहिवाटीत असते. हद्दीबाहेर गेलेला तुकडा उद्या मोकळा भूखंड म्हणून दिसेल आणि दाट घरे झोपडपट्टी म्हणून पुनर्विकासाला निघतील, ही धास्ती. ती अवास्तव म्हणता येत नाही. मात्र कोळीवाड्यातच भाड्याच्या खोल्यांचे मजले चढवणारेही आहेत, आणि मोकळी जागा आतूनही आटते आहे, हे बैठकांमध्ये फारसे बोलले जात नाही.

पावसाळ्यात रेषा स्वतःच आत येते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत एका दिवसात ९४४ मि.मी. पाऊस नोंदला गेला. नाल्याचे पाणी समुद्रात जायचे आणि समुद्र भरतीने वर, अशा वेळी पाणी वस्तीतच थांबते. त्यानंतरच्या पर्जन्यजलवाहिनी प्रकल्पातून जवळच गझदरबंध येथे पंपिंग स्टेशन उभे राहिले आणि २०१९ मध्ये सुरू झाले. साडेचार मीटरहून उंच भरतीच्या दिवसांची यादी महापालिका दर पावसाळ्याआधी जाहीर करते. कोळीवाड्यात ती तिथीवरून आधीच ठाऊक असते.

सण. होळी (शिमगा) हा मोठा सण. होड्या रंगवतात, सजवतात, पूजतात. नारळी पौर्णिमा, कार्ल्याच्या एकविरेची चैत्री यात्रा आणि बँडच्या तालावरची लग्नाची हळद ही वर्षातली इतर मोठी निमित्ते. वर्गणी, पाहुणे आणि फलक यांतून कोणत्या पक्षाचा जोर आहे हे मतमोजणीआधी वाचता येते.

सागरी सेतू. वांद्रे-वरळी सेतू २००९ मध्ये खुला झाला. त्याच्या उत्तरेचा वर्सोवा-वांद्रे सेतू (एकूण सुमारे १७ कि.मी., मुख्य पूल ९.६ कि.मी.) दांड्यासमोरच्या समुद्रातून आखला आहे, त्याचा एक जोडपूल कार्टर रोडला, एक जुहू कोळीवाड्याला उतरतो. किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांचे आक्षेप प्रवाह बदलण्याबद्दल, डोलीच्या जागा जाण्याबद्दल आणि खांबांमधून होड्या नेण्याबद्दल आहेत. वरळीच्या मच्छीमारांनी किनारी रस्त्याच्या पुलाच्या खांबांमधले अंतर ६० वरून १२० मीटर करून घेतले (२०२३). तो निर्णय पदरात पडायला आंदोलने आणि बंद पडलेले काम या दोन्हींची किंमत मोजावी लागली. इथल्या बैठकांत त्या १२० मीटरचा दाखला दिला जातो. भरपाईचा हिशेब त्याहून अवघड आहे. होडी मालकाच्या नावावर असते, तिचा परवाना दाखवता येतो. किनाऱ्यावर वाटे लावणाऱ्या, सुकट घालणाऱ्या बाईच्या रोजगाराचा कागद बहुधा कोणत्याच खात्यात नसतो.