केपची झाडं आणि आपली गच्ची

स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने माझ्याकडे ‘सोसायटीचा आर्थिक प्रवास’ असा लेख मागितला होता. अकरा वर्षं खजिनदार होतो, म्हणून असेल. पण ताळेबंद दरवर्षी सर्वसाधारण सभेत वाचून झालेले आहेत आणि तो वाचत असताना मंडळींचं लक्ष चहाच्या थर्मासकडे असतं हे मी समोरून पाहिलेलं आहे. तेव्हा हिशेबाऐवजी झाडांबद्दल लिहितो. त्यातही एक जुनी बाकी आहेच.

जुन्या चाळीतल्या मंडळींना आठवत असेल, दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या गॅलरीत कठड्याला तारेने बांधलेले डालडाचे डबे असायचे. त्यांत तुळस, ओवा, गवती चहा हे तर होतंच, पण बारीक गोल पानांचं, लालसर दांड्याचं एक मांसल झुडूप होतं. पांढऱ्या पट्ट्यांची लांब पानं खाली सोडणारं एक होतं आणि निळ्या फुलांचं एक. चाळ पाडली तेव्हा काकूंनी भांडी नंतर नेली, डबे आधी. आपली इमारत उभी राहिल्यावर ते सगळं कुंड्यांत होऊन गच्चीवर आलं. चौतीस कुंड्या. आकडा मला पाठ आहे, कारण त्या मीच मोजल्या होत्या.

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम निघालं तेव्हा ‘पंधरा दिवसांत कुंड्या हलवाव्यात’ या नोटिशीवर खजिनदार म्हणून माझी सही होती. महिना मे. कुंड्या खाली पंपरूमच्या मागे ठेवल्या. तिथे ऊन येत नाही. वाईट वाटलं म्हणून मी वॉचमनला सांगितलं, रोज भरपूर पाणी घाल. त्याने इमानेइतबारे घातलं. जूनअखेर निम्म्या कुंड्या कुजल्या. काकू एक शब्द बोलल्या नाहीत. एका सकाळी माझ्या दाराशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली त्या गोल पानांच्या झुडपाची एक फांदी ठेवलेली दिसली, बस्स. आज काकू नाहीत.

निवृत्तीनंतर राणीबागेत फिरायला जाऊ लागलो आणि या झाडांचं मूळ शोधायचा नाद लागला. आपल्याकडे सगळं ‘शोभेचं झाड’ या एका खात्यात जमा करायची सवय. पण काकूंच्या डब्यांतली ती तीनही झाडं दक्षिण आफ्रिकेची निघाली. गोल पानांचं ते जेड (नर्सरीत जेड म्हणून दोन निरनिराळी झाडं विकतात, मोठ्या पानांचं आणि बारीक पानांचं, दोन्ही तिकडचीच). लांब पानांचं स्पायडर प्लांट. निळ्या फुलांचं प्लम्बॅगो. त्यांच्या जोडीला ज्याला आपण फर्न म्हणतो पण जे फर्न नाही ते अ‍ॅस्परॅगस, चोचीसारख्या केशरी फुलाचं बर्ड ऑफ पॅरडाइज, आणि गणपतीच्या मखरात ज्यांच्याशिवाय हल्ली पान हलत नाही ती जरबेरा आणि ग्लॅडिओलस.

ही तिकडची झाडं इकडे यायचं कारण जहाजांच्या वाटेत आहे. सुएझ कालवा 1869 मध्ये उघडला. त्याआधी विलायतेहून मुंबईला येणारं जहाज आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, म्हणजे केपला, वळसा घालून यायचं. डच कंपनीने 1652 मध्ये तिथे ठाणं वसवलं आणि भाजीपाल्याची बाग लावली ती येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांसाठीच. 1772 मध्ये लंडनच्या क्यू बागेने फ्रान्सिस मॅसन नावाचा आपला पहिला वनस्पती-संग्राहक पाठवला तोही केपलाच. तिथून गेलेल्या बर्ड ऑफ पॅरडाइजला इंग्लंडच्या शार्लट राणीच्या माहेरावरून ‘स्ट्रेलिट्झिया’ नाव मिळालं. ही शार्लट म्हणजे आपल्या राणीबागेच्या व्हिक्टोरिया राणीची आजी. पुढे वॉर्ड नावाच्या लंडनच्या डॉक्टरांनी काचेची बंद पेटी काढली. तिच्यात रोपं खाऱ्या वाऱ्यातून, गोड्या पाण्याशिवाय महिनोन्‌महिने तगू लागली आणि जगभरच्या बागांची देवाणघेवाण फुलली.

मुंबईत हे काम अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था करत असे. तिची बाग आधी शिवडीला होती. ती जागा 1865 मध्ये ख्रिस्ती दफनभूमीसाठी गेली. भायखळ्याच्या नव्या बागेचं उद्घाटन मात्र त्याआधीच, 19 नोव्हेंबर 1862 रोजी, गव्हर्नरांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते झालं होतं. तीच आपली राणीबाग, आजचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. 1873 पासून ती महापालिकेकडे आहे. आपल्या दारातून चालत पंधरा-वीस मिनिटं, पण आपण पोरांना वाघ दाखवायला नेतो आणि हल्ली पेंग्विन. (हे पेंग्विन दक्षिण अमेरिकेतले हम्बोल्ट जातीचे. केपच्या किनाऱ्यावर पेंग्विन असतात ते वेगळे.) मूळची ही झाडांची बाग आहे, प्राणी नंतर आले, हे कोणी सांगत नाही. तिथली गोरखचिंच बघून या. हे आफ्रिकेचं झाड, दक्षिण आफ्रिकेच्या उत्तर भागातही रानात वाढतं. इंग्रजांच्या कितीतरी आधी समुद्री व्यापाराबरोबर ते आपल्या किनाऱ्याला लागलं आणि आंबट गरामुळे इथे ‘चिंच’ झालं. चिंचेवरून नाव पडलेल्या आपल्या वस्तीला तेवढं नातं पुरे.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती गोष्ट. केपची सगळीच झाडं मुंबईत जगत नाहीत. जिरॅनियमचं बघा. पाचगणीच्या बंगल्यात फुललेलं पाहून आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कुंडी आणली असेल आणि जुलैत फेकली असेल. मीही फेकली. कारण पावसाच्या वेळापत्रकात आहे. केपटाऊनच्या बाजूला पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. तिथल्या झाडाला थंडीत ओल आणि उन्हात कोरड हवी असते, आपल्याकडे नेमकं उलटं. पण त्याच देशाच्या पूर्व किनाऱ्याला, दरबानच्या बाजूला, पाऊस उन्हाळ्यात पडतो, म्हणजे उकाड्यात ओल, आपल्यासारखीच. जेड, स्पायडर प्लांट, प्लम्बॅगो, अ‍ॅस्परॅगस, बर्ड ऑफ पॅरडाइज ही सगळी त्या पूर्व अंगाचीच. काकूंनी भूगोल वाचून निवड केली नव्हती. चाळीच्या गॅलरीत जे तगलं ते राहिलं, एवढंच.

आणि तगलं त्यालाही एक कारण आहे. याच झाडांची चुलत भावंडं आपल्या सह्याद्रीत आधीपासून आहेत. प्लम्बॅगो हा आपल्या पांढऱ्या चित्रकाचा निळा भाऊ. अ‍ॅस्परॅगस शतावरीच्या घरातला. स्पायडर प्लांट तर आपण पहिल्या पावसात बाजारातून जी फोडशीची जुडी आणतो तिच्या कुळातलं. पानं शेजारी ठेवून बघा. त्याच कुळातल्या सफेद मुसळीचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलिअ‍ॅनम, आपल्या बोरिवलीवरून ठेवलेलं. झेवियर कॉलेजचे फादर सांतापाव यांनी ते दिलं. दक्षिण आफ्रिकेची बदामी पानांची ती नाजूक वेल, तिसऱ्या मजल्यावर टांगलेली आहे ती, सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पांची नातलग. कळलावी तर दोन्हीकडे तीच, एकाच जातीची.

लावायची पद्धत लिहितो, कारण मला ती दोनदा हरल्यावर समजली. जेडची फांदी तोडली की लगेच मातीत खुपसायची नाही. सावलीत चार-पाच दिवस नुसती ठेवायची, कापलेलं तोंड कोरडं पडेपर्यंत. मग रेती, विटेचे तुकडे आणि थोडी माती, आणि आठवडाभर पाणी नाही. हे झाड पाणी पानांत साठवतं, त्यामुळे ते तहानेने क्वचित मरतं, मरतं ते काळजीने. बारीक पानांच्या जेडला तिकडे आफ्रिकान्स भाषेत ‘हत्तीचं खाणं’ म्हणतात. हत्ती वरून फांद्या ओरबाडून खातो, खाली सांडलेले तुकडे उन्हात सुकतात आणि मुळं धरतात. म्हणजे हत्तीलाही जे समजतं ते बँकेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला समजलं नव्हतं. स्पायडर प्लांटला लोंबत्या दांड्यावर पिल्लं येतात, ती तोडून लावली की झालं. अ‍ॅस्परॅगसचा गड्डा सुरीने कापून वाटायचा. प्लम्बॅगोची काडी पावसाच्या सुरुवातीला लावावी. बर्ड ऑफ पॅरडाइज बियांपासून करायला जाऊ नये, फूल दिसायला काही वर्षं जातात; गड्डे वेगळे करावेत. जरबेराचा मात्र कोंब मातीच्या वर ठेवावा, गाडला की कुजतो. तळेगावच्या पॉलीहाऊसमध्ये तो छपराखाली, मोजून पाणी देऊन वाढवतात ते उगाच नाही. दादरच्या फुलबाजारात तो स्वस्त दिसतो खरा, पण त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन छापलं गेलं तेव्हा तो ट्रान्सवालमधल्या बार्बर्टनच्या डोंगरावरचं एक रानफूल होता.

दारात ठेवलेली ती फांदी मी त्या दिवशी लगेच कुंडीत खुपसली आणि रोज पाणी घातलं. अर्थातच गेली. दुसरी मागायला काकूंकडे गेलो. जाताना पाय जड झाले होते. त्यांनी दार उघडलं, फांदी दिली आणि म्हणाल्या, “भाऊ, हिला आता विसरून जा आठ दिवस.” ती जगली.

परवा सगळे मजले फिरून बघून आलो. काकूंच्या जेडची पिलावळ आज नऊ घरांत आहे. निळा चित्रक गेटच्या डाव्या बाजूला आहे तो त्यांचाच. स्पायडर प्लांट मोजायचं सोडून दिलं. अ‍ॅस्परॅगसचं एकच झाड उरलंय, चौथ्या मजल्यावर, आणि त्यांच्याकडे आत्ता मोठी माणसं नसतात, तेव्हा शेजाऱ्यांनी लक्ष द्यावं.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण गच्चीचं वॉटरप्रूफिंग पुन्हा निघालं आहे. काम झालंच पाहिजे, वरच्या मजल्याच्या छताला ओल आहे, त्यात वाद नाही. कमिटीला माझी लेखी विनंती अशी, की नोटीस मे महिन्यात न काढता दिवाळी झाल्यावर काढावी. कुंड्या पंपरूमच्या मागे न ठेवता पूर्वेच्या भिंतीलगत, सायकली उभ्या असतात तिथे, ठेवाव्यात. सायकलींची सोय मी माझ्या पार्किंगमध्ये करून देईन, गाडी तशीही विकलेलीच आहे. आणि वॉचमनला पाणी घालायला कोणीही सांगू नये.

ज्यांना जेडची फांदी हवी असेल त्यांनी संध्याकाळी सहानंतर घरी यावं. फांद्या चार दिवस आधीच तोडून सुकवून ठेवल्या आहेत.